गुलाबजामची जोडकिल्ली

पासवर्ड वारला तेव्हा त्याचं सुतक कुणी पाळलं नाही. आयुष्यभर ज्यानं माणसांना मुलांची नावं, जन्मसालं आणि शेवटी एखादं तारांकित चिन्ह जोडायला लावलं, त्याला नव्या गणकयंत्रांनी एका उन्हाळ्यात चिरडून टाकलं. त्याच्या पाठोपाठ अंगठा गेला, बुबुळ गेलं, चेहरा गेला, आवाज गेला. म्हणजे या वस्तू माणसांकडे होत्याच. पण यंत्रं त्यांची इतकी हुबेहूब नक्कल करू लागली, की बँकेत आणि वीजकेंद्रात त्यांना काही किंमत उरली नाही. आपण आपणच आहोत, हे सिद्ध करण्याचा एकही मार्ग माणसाकडे शिल्लक राहिला नव्हता. बऱ्याच जणांना त्यामुळे हलकंही वाटलं.

तासगावच्या अलीकडं, सांगली रस्त्यावर शेटे शीतगृह आहे. तिथल्या कुमुदिनीबाईंना मात्र हलकं वाटण्याची चैन परवडणारी नव्हती. त्यांच्या थंड खोल्यांत आसपासच्या गावांचा बेदाणा असायचा, पेट्यांच्या छतापर्यंत थप्प्या. हिरवा बेदाणा थंडीत हिरवा राहतो. ऊन लागलं की तांबूस पडतो, आणि एकदा तांबूस पडला की त्याच्याकडं व्यापारी बघत नाही. कुठल्याशा शीतगृहाचं यंत्र म्हणे कुणीतरी समुद्रापलीकडं बसून मालकाच्या आवाजात बंद केलं. झालं, विमा कंपनीची माणसं गाडी घेऊन आली, हातानं चालवायचा खटका काढून नेला आणि त्याच्या जागी एक डबा बसवून गेली. यापुढं यंत्राचा कारभार क्लाउडवरून चालेल, असं त्यांनी सांगितलं. बेदाण्याच्या धंद्यात ढग म्हणजे शिवी. वाळत घातलेल्या मालावर एक सर आली की वर्ष गेलं. पण विमा कंपनीला कोण काय बोलणार?

डब्यावर एक दिवा होता. तो हिरवा झाला तर तुम्ही मालक, नाहीतर वाटसरू.

दिवा हिरवा कसा करायचा, हे दाखवायला क्लाउड कंपनीच्या इंजिनियर मृण्मयी सावर्डेकर आल्या. चाळिशीच्या, पायांत खेळाडूंचे बूट, आणि समजावून सांगण्याची मनापासून हौस. त्यांनी टेबलावरची दोन जुनी, निकामी कुलपं उचलली. एक दोरीला बांधून झुलवलं. ते घड्याळासारखं इकडून तिकडं गेलं.

“याचं गणित कुठलंही यंत्र मांडेल,” त्या म्हणाल्या. मग पहिल्या कुलपाच्या खाली दुसरं कुलूप दोरीनं टांगलं आणि पुन्हा झोका दिला. आता मात्र खालच्या कुलपाच्या अंगात आलं. ते गरगरलं, थबकलं, उलटं फिरलं, वरच्याला हिसके देऊ लागलं.

यालाच म्हणायचं जोडलंबक. दोन्ही कुलपं साधी, दोरी साधी; पण एकाचा हेलकावा दुसऱ्यावर आणि दुसऱ्याचा पहिल्यावर, त्यामुळे पुढचा झोका कुठं जाईल, ते सांगता येत नाही. दोन माणसांचं बोलणंही असंच असतं, असं शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं होतं. एकट्याचा आवाज यंत्र सहज उचलतं. पण वर्षानुवर्षं एकमेकांना ओळखणारी दोन माणसं बोलू लागली, की एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू होतं. कोण कुणाला कुठं तोडतो, कोण कुठं श्वास अडवतो, कुणाचा हुंकार किती उशिरा येतो, याचा एक ठेका बसलेला असतो. तो त्या दोघांनाही ठाऊक नसतो. म्हणूनच तो चोरता येत नाही. त्या ठेक्याचीच किल्ली करायची. एका शीतगृहाला एक जोडी, म्हणून जोडकिल्ली.

“म्हणजे आम्ही काय बोललो, ते सगळं कंपनीला कळणार?” कुमुदिनीबाईंनी विचारलं.

“शब्द तो ऐकतच नाही, मावशी. नुसता ठेका मोजतो.”

कुमुदिनीबाईंचा जीव भांड्यात पडला, पण लगेच पुढची अडचण उभी राहिली. जोडीतला दुसरा माणूस कंपनीच्या नियमानुसार धंद्यातला भागीदार हवा होता, आणि भागीदार होते धाकटे दीर गुरुपाद. आठ वर्षांपूर्वी कुमुदिनीबाईंचे यजमान मल्लिकार्जुन गेल्यापासून दीर-भावजयीनं शीतगृह नीट चालवलं होतं, एकमेकांशी न बोलता. “भाऊजींना विचारा, तीन नंबरची खोली धुतली का,” असं त्या दिवाणजींना सांगत, आणि दोन हातांवर बसलेले भाऊजी, “वहिनींना सांगा, धुतली,” असं दिवाणजींनाच कळवत. दिवाणजी निवृत्त झाल्यावर दोघांची फार गैरसोय झाली होती.

आता दोघं डब्यासमोर खुर्च्या टाकून बसले. घरी बोलता तसं बोला, असं मृण्मयीबाई म्हणाल्या. घरी बोलत नसल्यामुळे दोघंही तसेच गप्प बसले. पंख्याचा आवाज तेवढा नोंदला गेला. शेवटी वातावरण सैल व्हावं म्हणून मृण्मयीबाईंनी पिशवीतून डबा काढला आणि भाचीच्या बारशाचे गुलाबजाम दोघांपुढं धरले.

कुमुदिनीबाईंनी हात मागं घेतला. “नको. गुलाबजाम बघितले की मला आमच्या लेकीचं, गिरिजाचं लग्न आठवतं.”

“झालं,” गुरुपाद छताकडं बघत म्हणाले. “आला विषय.”

“का येऊ नये? मठ्ठ्याबरोबर जिलेबी असते, भाऊजी. लहान पोराला विचारा. तुमच्याकडं एक काम दिलं होतं—”

“पाचशे माणूस जेवला की—”

“जेवला, आणि हात धुताना विहीणबाई म्हणाल्या, तुमच्यात गुलाबजामवर मठ्ठा पितात वाटतं. अजून भेटल्या की हसतात.”

“त्या मुळातच हसऱ्या आहेत.”

“तुम्ही मुळातच—”

पुढचं नीट ऐकू आलं नाही, कारण दोघं एकदम बोलत होते. जिलेबी, मठ्ठा, विहीणबाई, मंडपातले पंखे आणि कुठल्याशा हरवलेल्या परातीपर्यंत विषय गेला. ठरलेल्यापेक्षा ध्वनिमुद्रण बरंच लांबलं. थांबवायचं कसं, ते मृण्मयीबाईंना कळेना. शेवटी त्यांनी कळ दाबली आणि पडद्यावरचा आलेख बघून हरखून गेल्या. इतकी भक्कम किल्ली त्यांनी अजून पाहिली नव्हती म्हणे. त्यांच्या स्वतःच्या घरची किल्ली सासूबाईंबरोबर होती, आणि ती याच्यापुढं अगदी फुसकी होती.

अशा रीतीनं शेटे शीतगृहाच्या सुरक्षेची सगळी भिस्त अकरा वर्षं जुन्या गुलाबजामांवर येऊन पडली.

हंगाम सुरू झाला. पेट्या आल्या, गेल्या, आणि प्रत्येक वेळी खोल्यांचं तापमान वरखाली करायला डब्याची परवानगी लागू लागली. सकाळी आठ वाजले की दीर-भावजय खुर्च्यांवर बसत, एकजण सुरुवात करी, आणि दीड-दोन मिनिटांत दिवा हिरवा होई. गुरुपादांची बायको नीला घरून निघताना त्यांना आठवण करी, “चला, तुमची आरतीची वेळ झाली.” पेट्या घेऊन आलेले शेतकरी चहाचा कप हातात धरून दाराशी उभे राहत. त्यांत भूपाल चौगुले नेमानं असे. त्याचा बेदाणा जास्त आणि बोलणं कमी. पण मंडपातल्या पंख्यांचा मुद्दा गुरुपादांनी गाळला, तर तो हळूच आठवण करून देई.

आणि मग एक गंमत झाली. दिवा हिरवा झाल्यावर पूर्वीसारखं उठून जायला दोघांनाही अवघड वाटू लागलं. एवढं तोंड उघडलंच आहे, तर दोन नंबरच्या दाराचं रबर बदलायचं बोलून घ्यावं. रबराचं बोलताना चहा यायचा. चहावरून गुरुपादांच्या साखरेचं निघायचं. आठ वर्षं साठलेल्या साध्यासुध्या गोष्टी त्या खुर्च्यांवर बाहेर पडू लागल्या. कुमुदिनीबाईंना रात्री झोपताना उद्या काय टोमणा मारायचा, ते सुचू लागलं, आणि सुचलं की त्या अंधारात एकट्याच हसत. हे त्यांनी अर्थातच कुणाला सांगितलं नाही.

मार्चमधल्या एका सकाळी त्या अगदी रंगात होत्या. “तुमच्या दादांकडं हे काम दिलं असतं,” त्या म्हणाल्या, “तर जिलेबी मंडपात तळून मिळाली असती. ह्यांचं काम म्हणजे—”

“काम दादाकडंच होतं, वहिनी,” गुरुपाद म्हणाले. “तोच विसरला.”

म्हणाले आणि त्यांनी स्वतःच जीभ चावली. कुमुदिनीबाई गप्प झाल्या. डब्यानं थोडी वाट बघितली आणि दिवा लाल केला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मिरजेच्या आचाऱ्याला जिलेबीचं सांगायचं काम मल्लिकार्जुनांनी स्वतःहून घेतलं होतं आणि ते साफ विसरले होते. लग्नाच्या सकाळी पेट्यांच्या थप्पीमागं डोकं धरून बसले होते. गुरुपाद जीप काढून सांगलीला पळाले, आणि पाचशे पानांना पुरेल असं एकच गोड तिथं तयार मिळालं. परत आल्यावर दादांनी त्यांचा हात धरला. कुमूला सांगू नकोस, म्हणाले, ती जन्मभर ऐकवेल.

“आणि तुम्ही ऐकून घेतलंत,” कुमुदिनीबाई म्हणाल्या.

“दादा गेल्यावर तर काय सांगायचं? त्याला उत्तर द्यायला यायचं नव्हतं.”

कुमुदिनीबाईंना आधी नवऱ्याचा राग आला, मग थप्पीमागं लपून बसलेला तो धिप्पाड माणूस डोळ्यांपुढं आला आणि हसू आलं, आणि मग पदर डोळ्यांना लावावा लागला. त्या रविवारी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा घरी जिलेबी तळली. गुरुपादांना पाटावर बसवून समोर बसून वाढली. गुरुपादांनी चार खाल्ल्या आणि अप्रतिम म्हणाले.

सोमवारी आठ वाजता दोघं डब्यासमोर बसले.

“तुम्ही बोला, भाऊजी.”

“नाही नाही, वहिनी. आधी तुम्ही.”

“गुलाबजाम तसे बरे होते.”

“मठ्ठ्याबरोबर नसायला हवे होते, हे तुमचं खरंच आहे.”

एकाचं पूर्ण झाल्यावर दुसरा बोले, मध्ये आदरानं थोडं थांबून. दिवा लाल झाला. मंगळवारी लाल झाला. बुधवारी दोघांनी एकमेकांची इतकी विचारपूस केली, की भूपाल चौगुले कप खाली ठेवून निघून गेला. तरी खोल्या थंड होत्या आणि यंत्र आपलं आपण चालू होतं, म्हणून दोघांनी ते फारसं मनावर घेतलं नाही.

पुढं एप्रिल लागला. रस्त्यावरचं डांबर मऊ पडण्याचे दिवस. एके दुपारी वीज दोनदा फडफडली आणि कॉम्प्रेसरनं स्वतःला जपण्यासाठी अंग काढून घेतलं. वीज आली, पण तो सुरू होईना. पडद्यावर अक्षरं उमटली: मालकाची परवानगी हवी.

खोल्यांतला पारा चढू लागला. दारं बंद ठेवली, फटींना ओली पोती लावली. संध्याकाळपर्यंत कसाबसा तग धरता आला असता. भूपाल चौगुले मोटरसायकलवरून येऊन दाराशी उभा राहिला. त्याचं सबंध वर्ष तीन नंबरच्या खोलीत होतं.

गुरुपादांनी मृण्मयीबाईंना फोन लावला. नवी किल्ली करून द्या, म्हणाले, आमचं आता जमलंय. मृण्मयीबाईंनी अभिनंदन केलं आणि मग अडचण सांगितली. नवी किल्ली नोंदवायला आधी जुन्या किल्लीनं आत जावं लागतं.

“म्हणजे नवी किल्ली पेटीत, आणि पेटी जुन्या किल्लीनं उघडणार?” कुमुदिनीबाईंनी फोन ओढून घेत विचारलं.

“हो, मावशी.”

“असं का केलंय?”

“सुरक्षेसाठी.”

शेवटी मृण्मयीबाई म्हणाल्या, की एकदाच, मनापासून, पूर्वीसारखं बोला. एका दिवसात तीन वेळा प्रयत्न करता येईल; तिसऱ्यांदाही चुकलं तर डबा आठवडाभर कुणाचंच ऐकणार नाही.

दोघं खुर्च्यांवर बसले. गुरुपादांनी डब्याची कळ दाबली.

“तुम्ही अगदी बेजबाबदार आहात,” कुमुदिनीबाई लग्नपत्रिका वाचावी तशा म्हणाल्या.

“आणि तुम्ही भांडखोर,” गुरुपाद म्हणाले, आणि न राहवून, “म्हणजे पूर्वी होता.”

डब्यानं पडद्यावर कळवलं: नक्कल आढळली.

दुसऱ्या वेळी त्यांनी आवाज चढवले. कुमुदिनीबाईंनी टेबलावर हात आपटला. गुरुपादांनी, लागलं का, असं विचारलं. नक्कल आढळली.

आता एकच संधी उरली होती. कुणी कळ दाबेना. बाहेर रस्ता तापून थरथरत होता. आतून एरवी येणारी घरघर नव्हती, आणि तिच्याशिवाय शीतगृह पोकळ वाटत होतं. कुमुदिनीबाई खुर्चीत मागं टेकल्या. आपलीच नक्कल आपल्याला जमू नये, याचं त्यांना नवल वाटत होतं. भाऊजींशी पुन्हा वैर धरायचं म्हटलं तर धरायला काही सापडेना, आणि न धरावं तर लोकांचा माल जाणार.

“जाऊ द्या,” त्या थकून म्हणाल्या. “होईल ते होईल. निदान त्या रविवारी तुम्ही पोटभर जिलेबी तरी खाल्लीत.”

गुरुपादांनी नुसती मान हलवली, पण ती जराशी उशिरा हलली. इतके दिवस रोज समोर बसलेल्या कुमुदिनीबाईंच्या ते नजरेतून सुटलं नाही.

“काय?”

“कुठं काय?”

“भाऊजी. काय?”

“काही नाही हो. आतून जरा कच्ची होती, एवढंच.”

“कच्ची?” कुमुदिनीबाई सरळ बसल्या. “चार खाल्ल्यात.”

“तुम्ही समोर बसला होता. काय करणार?”

“अप्रतिम म्हणालात.”

“मग काय कच्ची म्हणायचं, आणि पुढची अकरा वर्षं ऐकत—”

“म्हणजे मी ऐकवते? तोंडावर गोड बोलायचं आणि—”

“गोड कुठं, पाकच धड मुरला नव्हता—”

“पाकातलं तुम्हाला काय कळतं? ज्या माणसानं मठ्ठ्याबरोबर—”

“ते दादानं—”

“ते विसरले. मान्य. पण गुलाबजाम निवडले कुणी? सांगलीत बुंदी नव्हती?”

“बुंदीवर मठ्ठा चालतो?”

“चालतो.”

“कुठं चालतो, एक गाव सांगा मला, एक—”

दाराशी उभ्या भूपाल चौगुलेनं मान वर केली. हंगामभर चहाच्या कपामागून ऐकलेला तो ठेका होता. त्यात खोट नव्हती. तो पायताण न वाजवता आत आला, दोघांच्या मधून हात घालून त्यानं कळ दाबली आणि श्वास रोखून उभा राहिला. बुंदीवरून गाडी विहीणबाईंवर गेली. विहीणबाईंवरून मंडपातल्या पंख्यांवर आली. मग भिंतीपलीकडं काहीतरी खाकरलं, घरघरलं आणि पायाखालची फरशी ओळखीचं थरथरू लागली.

“बाई,” भूपाल म्हणाला. “चालू झालं.”

“थांबा हो जरा,” कुमुदिनीबाई त्याच्याकडं न बघता म्हणाल्या. “परातीचं राहिलंय.”

भूपाल बाहेर जाऊन पायरीवर बसला. आतून परातीचा विषय ऐकू येत होता. त्यानं डोक्याचा रुमाल सोडला, तोंड पुसलं आणि बराच वेळ आपल्याशीच हसत राहिला.

दोन दिवसांनी मृण्मयीबाई नवी, सलोख्याची किल्ली नोंदवायला आल्या. जुन्या किल्लीनं आत शिरायला काही त्रास पडला नाही. विषय ताजा होता. मग त्यांनी दोघांना शांत व्हायला सांगितलं, पाणी दिलं आणि एखाद्या आनंदाच्या गोष्टीबद्दल बोला म्हणाल्या. गिरिजाच्या मुलीचा वाढदिवस जवळ आला होता. त्याबद्दल दोघं मजेत बोलू लागले. झालर लावायची, की फुगे. जेवण दुपारी, की संध्याकाळी. कुणाला राग आला नव्हता, दोघं मधूनमधून हसत होते. डब्यानं ते सगळं ऐकून घेतलं आणि पडद्यावर लिहिलं: ही जोडी आधीच नोंदलेली आहे.

मृण्मयीबाईंनी दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवून पाहिले. रेषेला रेष लागत होती. मग त्यांना स्वतःचंच हसू आलं. शब्द तो ऐकत नाही, असं पहिल्या दिवशी त्यांनीच तर सांगितलं होतं. भांडण कसलं आणि सलोखा कसला, डब्याला त्याचा पत्ताच नव्हता. एकमेकांचं वाक्य हक्कानं तोडणारी दोन माणसं, एवढीच त्याच्याकडं नोंद होती. आदरानं थांबून बोलणारे दोघं त्याला परके वाटले, म्हणून त्यानं दार लावलं.

“म्हणजे आम्ही भांडत होतो, ते भांडण नव्हतं?” कुमुदिनीबाईंनी विचारलं.

“होतं की,” गुरुपाद म्हणाले.

“तुम्हाला विचारलं नाही, भाऊजी.”

त्या उठल्या आणि आतून एक ताटली घेऊन आल्या. त्या रविवारची चूक सुधारायला सकाळी त्यांनी पुन्हा जिलेबीचा घाणा काढला होता. ताटली गुरुपादांपुढं धरून त्या उभ्या राहिल्या. गुरुपादांनी एक कडं मोडलं, तोंडात घातलं, सावकाश चावलं. एकदा डब्याकडं बघितलं, एकदा वहिनींकडं.

“आता पाक जास्त झालाय,” ते म्हणाले.

कुमुदिनीबाईंनी आपली खुर्ची जवळ ओढली, पदर खोचला आणि ऐसपैस बसल्या.

“बरं,” त्या म्हणाल्या. “आता ऐका.”